स्वेटरवालीच्या गावचं पाणी

मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले तेव्हा मला पहाटेची बार्शी गाडी मिळाली. जुनी माणसं जी ड्युटी टाळतात, तीच नव्याच्या गळ्यात पडते. डिसेंबरात त्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणं म्हणजे शिक्षाच होती. खिडकीच्या काचा एकदा उघडल्या की परत लागायच्या नाहीत. माणसं घोंगडी, शाली, टॉवेल, हाताला लागेल ते गुंडाळून गाठोड्यासारखी बसायची आणि पैसे द्यायला हात बाहेर काढताना माझ्यावरच चिडायची. सोलापूर म्हटलं की लोकांना फक्त ऊन आठवतं. पण तेव्हा इथं थंडीही पडायची, चांगली हाडं गोठवणारी.

खाकी शर्टावर घालायला माझ्याकडं काही नव्हतं. दिवाळी झाली की सात रस्ता चौकाच्या पुढं एका मोकळ्या जागेत स्वेटरवाल्यांचे तंबू लागायचे, तिथं एका दुपारी गेले. उन्हानं आणि वाऱ्यानं गाल करपलेली, बारीक डोळ्यांची एक बाई होती. माझ्याच वयाची असेल. तिनं एक करडा स्वेटर माझ्या खांद्याला लावून पाहिला, मान हलवली आणि दुसरा, जाड विणीचा काढला. म्हणाली, "तो दिसायला चांगला आहे. तुला हा लागेल." आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. तिची हिंदी पहाडी, माझी सोलापुरी. इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

स्वेटर घेऊन निघाले तर तिनं विचारलं, "ताई, कुठं खोली मिळेल का? मी आणि माझा नवरा तंबूतच झोपतो. माल भिजतो दवानं."

"शोधली नाही का?"

"शोधली की. पहिल्यांदा विचारतात, तुम्ही चिनी का? मग विचारतात, तुम्ही खाता काय? मग म्हणतात, खोली कालच दुसऱ्याला दिली."

तिचं ते शेवटचं वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या बदल्या व्हायच्या तेव्हा गावोगावी खोल्या आदल्या दिवशीच दिलेल्या असायच्या. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी लग्न मोडून माहेरी परत आले होते, घरात मी, अण्णा आणि आई अशी तिघंच होतो आणि पुढची पत्र्याची खोली रिकामी होती. मी तिला पत्ता सांगितला.

आईला ते आवडलं नाही. तिची हरकत धर्माची नव्हती की खाण्याची नव्हती. "पानी किती लागंल गं त्यांना?" एवढंच तिनं विचारलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, अजूनही तसंच येतं. धरण भरलं तरी तसंच, रिकामं असलं तरी तसंच. वापरायच्या पाण्यासाठी गल्लीत सगळ्यांत मिळून एक बोअर होता, त्याची घरटी पाळी ठरलेली.

अण्णांनी मात्र पाहुण्यांच्या खोलीतली भिंत पाहिली आणि सगळा प्रश्नच मिटवला. त्या बाईनं आल्याआल्या भिंतीला बुद्धाची एक जुनी तसबीर टांगली होती.

"तुमी बौद्ध?" अण्णांनी तिच्या नवऱ्याला विचारलं.

"जन्मापासून," तो म्हणाला. "आमचं सगळं गावच."

"आमी मागनं आलो," अण्णा म्हणाले, "पर समजून आलो."

हे वाक्य ते पुढं दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. संध्याकाळी त्यांनी त्या दोघांना विहारात नेलं. विहार समितीचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले. त्यांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमात दोघांना हार घातले, "हिमालयाच्या बुद्धभूमीतून आलेले आपले बांधव" असं माइकवरून सांगितलं. आमची पाली वंदना त्या दोघांना येत नव्हती. ती दोघं हात जोडून ओठ हलवत उभी राहिली. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "ह्यांचा बुद्ध जरा येगळाच हाय." आई म्हणाली, "आसू द्या की. थंडीतला हाय."

तर अशी ती आमच्याकडं दर हिवाळ्याला यायला लागली. स्वेटर लुधियानाच्या कारखान्यातले, पण नवी पेठेतल्या चोखंदळ बायकांनासुद्धा वाटायचं की हिनंच डोंगरात बसून विणलेत. ती ते खोडून काढायची नाही. तिचं गाव हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात. दसऱ्याच्या आधी जव आणि वाटाणा निघाला की मुलीला सासूकडं ठेवून नवरा-बायको डोंगर उतरायची आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उलगडली की परत जायची. येताना आईसाठी भाजलेल्या जवाच्या पिठाची पिशवी आणायची. चहात मळून त्याचा गोळा करून खायचा. आईनं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, "आपल्या ज्वारीच्या पिठागतच लागतंय की. जरा धुराचा वास हाय, पर ग्वाड हाय." आई तिला हुरडा खायला घालायची, शेंगाची चटणी बांधून द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी तास-तास बोलत बसायच्या.

पाण्याचा दिवस तिनं आमच्याकडं पहिल्यांदा पाहिला ते मला लख्ख आठवतं. नळ आल्याची ओरड झाली आणि गल्ली रस्त्यावर आली. पाइप, पिंपं, घागरी, कळश्या, कुकर, मुलांच्या शाळेच्या बाटल्या. मी घामानं निथळत होते. ती दारात उभी राहून बघत राहिली.

"हे सगळं कुठं ठेवणार?"

"घरात. दुसरीकडं कुठं?"

"पाणी साठवायचं?"

"मग तुमच्याकडं काय करतात?"

"वाहू देतात," ती म्हणाली आणि हसली. "आमच्या गावामागं बर्फ आहे. डोंगराच्या खांद्यावरून खाली आलेलं, गावाएवढं रुंद. माझ्या सासूच्या सासूनंही ते असंच पाहिलेलं. उन्हाळा लागला की वितळतं, पाटातनं घरापुढून वाहतं. जितकं ऊन जास्त, तितकं पाणी जास्त."

ऊन जास्त तर पाणी जास्त! सोलापूरच्या माणसाला हे कसं पटावं? मला तिचा हेवा वाटला. खरं सांगायचं तर रागच आला. हातात भरलेली घागर घेऊन मी उभी होते आणि ही बाई आमच्याकडं जत्रेतल्या माकडांकडं पाहावं तशी पाहत होती. गरीब आम्ही, श्रीमंत ती, असंच ते होतं. पुढं कित्येक वर्षं मी तिच्या त्या बर्फाला मनातल्या मनात जळत राहिले.

मग पिठाची पिशवी लहान होऊ लागली. पहिल्यांदा आमच्या ते ध्यानातही आलं नाही. एका वर्षी तिनं पिशवी दिली आणि आईनं वास घेऊन सांगितलं, "हे तुजं न्हाय." तिनं मान खाली घातली. पीठ बाजारातून विकत घेतलेलं होतं.

"बर्फ मागं सरकलंय," ती म्हणाली. "वर, डोंगरात. पाट आधी वैशाखात चालू व्हायचा. आता पेरणीच्या वेळी कोरडा असतो. हिवाळ्यात बर्फही धड पडत नाही, त्यामुळं जमिनीत ओल नाही. वाट बघून बघून पेरतो, मग दाणा भरायच्या आत थंडी येते. वाटाणा तर शेंगा धरायच्या आधीच वाळला."

तिचा नवरा कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "वाटाण्यावरच मुलीची शाळा होती."

आणि त्याच काळात इथली थंडी गेली. कुठं गेली कुणास ठाऊक. मी पहाटेच्या गाडीत साध्या शर्टावर उभी राहायला लागले. डिसेंबरात घरात पंखे सुरू. लोक मैदानावर यायचे, स्वेटर हातात घ्यायचे, मुलांच्या अंगाला लावून बघायचे, "छान आहे, पण घालायचा कधी?" म्हणायचे आणि शेजारच्या गाड्यावर आइस्क्रीम खाऊन घरी जायचे. गड्ड्यात अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून लोक पाळण्यात बसत होते. तिच्या तंबूत गाठोडी तशीच बांधलेली राहायची. वर बर्फ नाही म्हणून जव पिकेना आणि खाली थंडी नाही म्हणून स्वेटर खपेना. एकाच उन्हानं तिला दोन्हीकडून गाठलं होतं. मी एकदा हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, तू तिकिटं फाडतेस ते बरं आहे. ऊन असो की थंडी, माणसं गाडीत बसतातच."

अण्णांना मरायच्या आधी एकदा ते गाव बघायचं होतं. "जन्मापासून बौद्ध असलेलं गाव कसं आसतंय ते बगू," असं ते म्हणायचे. मी रजा टाकली आणि उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही दोघं निघालो. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून मनाली, आणि पुढं दोन खिंडी ओलांडून तिकडच्या एसटीनं. तो रस्ता आणि तो ड्रायव्हर पाहून माझ्या धंद्याबद्दलची माझी सगळी तक्रार संपली. अण्णा पूर्ण वेळ डोळे मिटून होते. मी विचारलं, "घाबरलात?" तर म्हणाले, "ध्यान करतोय."

गाव बघून त्यांना वाटलं असेल ते वाटलं असेल, मला आधी आमचा सांगोल्याकडचा माळ आठवला. तसंच उघडं, दगडी, पिवळं. मातीची सपाट छपरांची घरं, त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. वरची थोडी हिरवी होती. खालची सगळी पडीक, ढेकळांवर धूळ. तिनं आम्हाला गावाबाहेर नेऊन वर बोट दाखवलं. पुष्कळ वेळ मला काही दिसलं नाही. मग खूप वर, दोन काळ्या कड्यांच्या बेचक्यात, एक मळका राखाडी पट्टा दिसला. त्याच्या खाली डोंगरभर नुसती दगडांची रास होती.

"ते?" मी विचारलं.

"ते," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा त्या मोठ्या दगडापर्यंत होतं." तो दगड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

इतकी वर्षं मी त्या बर्फाला जळले होते.

तिच्या घरी सासू होती, पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. झो, म्हणजे याक आणि गाईच्या संकराची जनावरं, चारा नाही म्हणून विकून टाकली होती. गोठ्यात आता आम्ही आमच्या पिशव्या ठेवल्या. जेवायला भात होता, रेशनचा. सासूनं ताटलीतला भात बोटानं ढकलत सुनेला काही सांगितलं. सून म्हणाली, "ती म्हणते, पाहुण्यांना दुसऱ्याच्या शेतातलं खायला घालावं लागतंय. भातानं पोट भरतं, पण अंगात ऊब येत नाही."

अण्णा म्हणाले, "आमी बी रेशनवरच जगलो म्हणून सांग तिला." हिनं सांगितलं. सासू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटावर भांडण झालं. वरच्या वस्तीची पाळी संपली होती आणि पाणी खाली सोडायचं होतं. वरच्या एका बाईनं पाटात पाणी अडवणारं मातीचं ढेकूळ तसंच राहू दिलं. आमची स्वेटरवाली फावडं घेऊन गेली, ते ढेकूळ उडवलं, आणि बघता बघता दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. सोलापुरात आमच्या घरी मान खाली घालून बोलणारी ही बाई. दुसरीची वेणी हाताला गुंडाळून तिला पाटाच्या चिखलात गुडघ्यावर आणलं हिनं. अण्णा मध्ये पडायला धावले. "आरं, बौद्ध हाय ना तुमी? सगळे बौद्ध हाय ना?" ते मराठीत ओरडत होते. कुणाला कळणार? तिच्या नवऱ्यानं दोघींना सोडवलं. नंतर अण्णा एका दगडावर जाऊन बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "आपल्या गल्लीगतच हाय की गं हे. मग येवडं लांब कशाला आलो?"

खाली रस्त्याला एक नवं हॉटेल झालं होतं. त्याचा काळा पाइप त्याच नाल्यातून, पाटाच्याही वरून, घेतलेला होता. परतीची गाडी तिथूनच मिळायची म्हणून आम्ही सकाळी तिथं थांबलो. अंगणात पुण्याकडच्या लोकांचा एक ग्रुप उतरला होता. एक बाई नळ उघडा ठेवून दात घासत होती. मराठी ऐकून तिला आनंद झाला.

"किती प्युअर आहे ना सगळं! या लोकांचं बरं असतं बाई, कसलं टेन्शनच नाही."

मी पुढं होऊन नळ बंद केला. ती तोंडात फेस घेऊन माझ्याकडं पाहत राहिली.

"पाणी जातंय," मी म्हणाले.

"अहो, इथं काय, बर्फ आहे की वर!"

मी तिला काय सांगणार? वर बघायला तिनं मान तरी वळवायला हवी होती. शिवाय पाण्याची बादली मीही त्या घरात दोन्ही दिवस वापरलीच होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा गेले. ती तेव्हा आमच्याकडंच होती. विहारातल्या लोकांनी वंदना म्हटली आणि तिनं तिच्या पद्धतीनं तुपाचा दिवा लावून काहीतरी पुटपुटत रात्र बसून काढली. कुणी हरकत घेतली नाही. हरकतीचे दिवस पुढं होते.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज फार शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. तिकडं काही दिवस कधी नव्हे ते ऊन पडलं होतं. वरच्या त्या मळक्या पट्ट्याच्या पोटात कुठंतरी पाणी साचलं होतं, ते एका दुपारी एकदमच सुटलं. सबंध पेरणीभर ज्या पाटात थेंब नव्हता, त्यातून दगड, चिखल आणि बर्फाचे तुकडे आले. पाट फुटला. उरली होती ती शेतंही दगडांखाली गेली. "माणूस कुणी गेलं नाही," ती म्हणाली. "सगळे घरात होते. शेतात कुणी नव्हतंच ना, शेतात कामच नव्हतं."

गावानं श्रमदान करून पाट एकदा बांधला. तो परत फुटला. नवी जागा देऊ, खाली नदीकाठी, असं कुणीतरी येऊन सांगून गेलं. जागा मिळालीही. तिथं नदी खोल दरीत आणि जागा वर, पाणी चढवायला काही नाही. लोक एकेक करून निघाले. सासू त्या हिवाळ्यातच वारली. तेव्हा स्वेटरवालीनं मला फोनवर विचारलं, "ताई, पुढची खोली बारा महिन्यांसाठी देशील? मुलीला तिकडंच कॉलेजला घालू म्हणते."

मी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. आईही हो म्हणाली.

ती तिघं मार्चच्या शेवटी आली. सोलापूरच्या मार्चचा शेवट तिनं कधी पाहिलेलाच नव्हता. पत्र्याच्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता. तिचा नवरा ओला पंचा डोक्यावर घेऊन दारात बसायचा आणि जिभेनं ओठ चाटत राहायचा. मुलीच्या अंगावर घामोळ्यांची पुरळ उठली.

आणि एका रविवारी सकाळी विहारापुढं बैठक भरली. मला बोलावणं आलं. मला वाटलं, नवीन आलेल्यांचं स्वागत वगैरे असेल. एवढी मी भाबडी.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, गल्लीचं आसं ठरलंय की कायमचा भाडेकरू कुणीच ठिवायचा न्हाय. बोअर आटत चाललाय."

"हे कधी ठरलं?"

"आताच ठरतंय की."

मी म्हटलं, "याच माणसांना तुम्ही माइकवरून बांधव म्हणत होता. हार घातला होता तुम्ही."

"घातला, व्हय. हाराला पानी लागत न्हाय." कुणीतरी हसलं. मग ते जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "धम्म आपल्या जागी हाय, ताई. पर बोअरला धम्म कळत न्हाय."

शेजारची एक आजी म्हणाली, "मानूस वंगाळ न्हाय ती. माझ्या सगळ्या नातवंडांच्या अंगावर तिचीच स्वेटरं हायत. पर थंडीत ऱ्हानं येगळं आन उन्हाळ्यात ऱ्हानं येगळं. तीन डोकी वाढली की."

आई काठी टेकत मागून आली होती. म्हणाली, "त्यांचं पानी माझ्या वाटणीतनं घ्या. मी दिसाआड आंगूळ करती."

"आजी, आज म्हंताय. मे म्हैन्यात बगू."

त्यांच्याकडं बघताना माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवरून हाकललं. कुठल्या विहिरीवरून, कुणी, हे सगळं आमच्यात लहान पोरांनाही माहीत असतं, आम्ही ते भाषणात सांगतो. आणि आता बोअर आमचा होता, त्याची किल्ली आमच्या हातात होती, आणि आम्ही काय केलं? मी हे तिथं मोठ्यानं बोलले. त्यानंतर महिनाभर गल्लीत माझ्याशी कुणी बोललं नाही. पण ठरलं ते ठरलं.

कुणी त्यांना जा म्हणून सांगायला आलं नाही. आमच्या पाळीला मोटार लवकर बंद व्हायला लागली, इतकंच. विचारलं की लाइट गेली होती म्हणायचे. शेजारच्या घरात त्याच वेळी टीव्ही चालू असायचा. तिची मुलगी बादली घेऊन बाहेर पडली की बायका आपसात मोठ्यानं काहीतरी बोलायच्या. इतक्या वर्षांत स्वेटरवालीला सगळं मराठी कळायला लागलं होतं.

एका संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर त्यांची गाठोडी बांधलेली होती.

"बार्शी रोडला, नाक्याच्या पलीकडं खोली मिळाली," ती म्हणाली. "नवीन वस्ती आहे. नळ नाही, बोअर नाही. टँकर येतो."

"तू कशाला जातेस? मी भांडते आहे ना!"

"म्हणूनच जाते. बायका पाण्यासाठी झिंज्या धरायला लागल्या तेव्हा आम्ही गाव सोडलं. तू तुझ्या गल्लीत माझ्यासाठी तसं करायला नको." मग तिनं आईच्या पायाला हात लावला. आई तिचा हात धरून बसली, सोडेचना.

तिच्या नवऱ्याला इथलं ऊन सोसलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तो डोंगरात परत गेला, रस्त्याच्या कामावर. आता तो तिथं खिंडीत डांबर टाकतो, हॉटेलांकडं जाणाऱ्या गाड्यांसाठी. वर्षातून एकदा येतो. तिनं सात रस्त्याजवळ मोमोचा गाडा लावला. मैद्याचे मोमो, लाल चटणी. कॉलेजची पोरं गर्दी करतात. मुलगी नर्सिंगला आहे आणि सोलापूरच्या पोरींसारखी "लई बोर झालं की" म्हणते. जवाचं पीठ या घरात आता कुणी आणत नाही. गावात एक म्हातारं जोडपं उरलंय, असं ती सांगते. तेही चुलीवर बर्फ वितळवून पाणी करतं, पडलं तर.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीचा बोअर गेला. मोटार नुसती हवा ओढून खरखरायची. आणखी खाली खणून पाहिलं, धूळ आली. नळाच्या पाण्यावर कुणाचं भागेना, टँकरवाले शहरातल्या गल्लीत वळायला तयार नव्हते. तेव्हा समितीचे अध्यक्ष आमच्या दारात आले. बराच वेळ आईच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, ती आपली स्वेटरवाली हाय न्हवं, बार्शी रोडला? तिच्याकडं टँकर येतोय म्हणं. त्या टँकरवाल्याचा नंबर मिळंल का?"

आपली स्वेटरवाली!

माझ्या ओठांवर "नाही" आलं होतं. पण आई शेजारी बसली होती आणि तिच्यापुढचं पिंप कोरडं होतं. मी फोन लावला. तिनं सगळं ऐकलं. एका शब्दानं मागचं काढलं नाही. नंबर दिला, वर टँकरवाल्याला स्वतः फोन करून सांगितलं की त्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत, आधी तिकडं जा. मी असते तर दिला नसता. हे मी अजूनही म्हणते.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. अख्खी गल्ली त्याच्यावर तुटून पडली. अध्यक्षांनी आपलं पिंप भरून घेतलं, कपाळावरचा घाम पुसला आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "चांगली बाई हाय वो ती."

आई दारातच बसली होती.

"व्हय," ती म्हणाली. "चांगली हाय, म्हणून तर मुकाट निगून गेली."

अध्यक्षांनी पाइप दुसऱ्या पिंपात टाकला.